कातडं, काटा आणि लग्नपत्रिका

लिओ टॉलस्टॉय यांनी पन्नाशी ओलांडल्यावर बूट शिवायला शिकायचं मनावर घेतलं. 'वॉर अँड पीस' छापून झालं होतं, 'अ‍ॅना कॅरनिना' छापून झालं होतं, मॉस्कोत ऐसपैस घर होतं, नावामागे काउंट ही उपाधी होती. एवढं सगळं असताना गृहस्थ आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन बसू लागले. घरच्यांना काय वाटलं असेल, हे ज्यांच्या घरात कुणी अचानक छंद धरला आहे त्यांना सांगायला नको. कवी अफानासी फेत यांनी त्यांच्याकडून एक जोड शिवून घेतला, रोख सहा रूबल मोजले आणि जानेवारी १८८५ मध्ये रीतसर दाखला लिहून दिला, की हे बूट 'वॉर अँड पीस'च्या लेखकानं शिवले असून आपण ते वापरायला लागलो आहोत. दुसरा एक जोड मिखाईल सुखोतिन यांना मिळाला. हे पुढं टॉलस्टॉय यांचे जावई झाले. त्यांनी ते बूट पुस्तकांच्या कपाटात ठेवले. टॉलस्टॉय यांच्या ग्रंथांचे बारा खंड तिथं होतेच, बूट हा तेरावा खंड. सासऱ्याकडून जोडे मिळाल्याचं जावयानं इतक्या कौतुकानं मिरवावं, हे मराठी मुलखात तरी ऐकिवात नाही.

हौशी कारागिराला आयुष्यभर भेटणारी माणसं या दोनच तऱ्हांची. एक फेत, एक सुखोतिन. 'इतकं सुंदर झालंय की वापरवतच नाही' असं म्हणणारा सुखोतिन गोड माणूस असतो. पण पाकीट नीट मिटत नाही, हे त्याला सभ्यपणे सांगायचं असतं. शिकायचं असेल तर फेत शोधावा. वस्तू वापरणारा, पैसे देणारा आणि तक्रार लेखी करणारा.

टॉलस्टॉय यांच्या नावानंच हे वेड पुढं दक्षिण आफ्रिकेत पोचलं. गांधीजींनी १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म सुरू केला. जमीन दिली हरमन कॅलनबाख यांनी, पेशानं वास्तुविशारद. हे कॅलनबाख मारियानहिलच्या ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला करायला शिकून आले. त्यांनी बॅरिस्टरांना शिकवलं आणि बॅरिस्टरांनी बाकीच्यांना. पुढं तुरुंगात असताना गांधीजींनी जनरल स्मट्स यांच्यासाठी एक जोड केला. ज्यांच्या सरकारनं तुरुंगात टाकलं, त्यांच्यासाठीच. स्मट्स यांनी त्या चपला कितीतरी उन्हाळे घातल्या आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तरीच्या निमित्तानं, त्या परत पाठवल्या. वकिलाच्या हातच्या चपला पाव शतक टिकल्या, आणि त्याही विरोधी पक्षाच्या पायात. नवशिक्यानं यापेक्षा जास्त धीर मागू नये. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डॅनियल डे-लुईस हा नामांकित नटही सिनेमा बाजूला ठेवून फ्लॉरेन्समध्ये स्टेफानो बेमर या बूटकाराकडे उमेदवारी करत होता. मग ठाण्याच्या किंवा कोथरूडच्या एखाद्या सॉफ्टवेअरवाल्यानं रविवारी बेल्ट करायला घेतला, तर घरच्यांनी एवढं दचकायचं कारण नाही.

दचकायचं कारण वेगळं असतं. या छंदाची सुरुवात सहसा रात्री साडेअकराला होते. मोबाइलवर कुणी जपानी कारागीर एक शब्दही न बोलता दहा-बारा मिनिटांत पर्स पूर्ण करतो. त्यामागचे दोन दिवस कापून टाकलेले असतात, हे लक्षात येण्याच्या आत पन्नास-साठ नगांचा अवजारसंच मागवून झालेला असतो. संच येतो. त्यातली सहा-सात अवजारं वापरात येतात, दहाबारांची नावं कळतात आणि उरलेली वर्षभर डब्यात खुळखुळतात. कोल्हापूरचा चप्पल करणारा कारागीर रापी, आरी, हातोडी आणि एक दगड एवढ्यावर लोखंडाचा एकही खिळा न लावता चामड्याच्याच वादीनं शिवलेली वहाण उभी करतो, ही माहिती संच यायच्या आधी मिळाली तर बरेच पैसे वाचतात.

नवशिक्याला खरोखर काय लागतं? चांगलं कटर आणि त्याची जास्तीची पाती, पोलादी पट्टी, कापायला खाली ठेवायची रबरी चटई. चार मिलिमीटर अंतरानं भोकं पाडणारं दातेरी चिझेल, दोन बोथट टोकाच्या सुया, मेण लावलेला दोरा, लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा. लोखंडी हातोडी चिझेलच्या डोक्यावर घातली की डोकं पसरतं. चिझेलचं आधी आणि मग मालकाचं. याखेरीज सँडपेपर आणि कडा घासायला एखादा गुळगुळीत लाकडी दांडका. संपली यादी.

हा दांडका, अर्थातच, लाटणं असतं. स्वयंपाकघरातून वस्तू नाहीशा व्हायला लागल्या की घरात चामड्याचा छंद शिरला असं खुशाल समजावं. लाटणं जातं. पाठोपाठ काट्या-चमच्यातला एक काटा जातो, कारण टाक्यांची समान अंतरं चामड्यावर उठवायला काट्याचे चार दात छान चालतात. चिझेल घेण्याआधी निम्म्या जगानं पहिला टाका असाच आखलेला आहे. ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा गच्चीवर पडून असतो, तो ठोकायला खाली घ्यायचा, कारण खाली जड आणि टणक काही असलं की तीन फटक्यांचं काम एकात होतं. भोकं पाडताना मात्र त्यावर जाड रबर किंवा चामड्याचा टाकाऊ तुकडा हवा. चिझेलचे दात थेट दगडावर गेले तर बोथट होतात. ग्रॅनाइटखालीही घडी घातलेली सतरंजी टाकावी आणि ठोकायचं ते टेबलाच्या पायाच्या बरोबर वर, मधोमध नव्हे. आवाज निम्मा होतो. खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या ग्रुपवर जे लिहिणार असतात, तेही जरा सौम्य होतं.

मग चामडं आणायचं. इथं माणूस हमखास भुलतो. मुंबईत धारावीच्या दुकानांत शिरलं की चकचकीत, मऊ, शंभर रंगांचं चामडं हाताला लागतं आणि हौशी मनुष्य त्यातलंच एक बेल्टसाठी उचलतो. ते बहुधा क्रोमचं असतं. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, कारण ते काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून झाडपाल्यावर कमावलेल्या चामड्याला आठवडेच्या आठवडे लागतात. जॅकेट, मऊ पिशव्या यांना क्रोम उत्तम. पण त्यावर नक्षी ठोकली तर ती उठत नाही, आणि कडा कितीही घासली तरी ती काचेगत गुळगुळीत होत नाही, भुसभुशीतच राहते. बेल्ट, पाकीट, चाव्यांचा पट्टा यांना झाडपाल्याचंच चामडं घ्यावं. ओळखायला सोपं: न रंगवलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो शोषला जाऊन डाग गडद होतो. क्रोमच्या चामड्याची कापलेली कड पाहिली तर आत बऱ्याचदा निळसर-करडी झाक दिसते. दुकानदार 'ओरिजिनल आहे साहेब' म्हणतो, तेव्हा तो खरंच बोलत असतो. दोन्ही ओरिजिनलच असतात.

चामडं चौरस फुटावर मिळतं आणि त्याला कापडाचा पन्हा नसतो. पाठीचा भाग घट्ट, पोटाचा सैल आणि ताणणारा. बेल्ट नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापावा. पोटातून कापलेला बेल्ट वर्षभरात मालकाच्याच पोटाबरोबर वाढतो. जाडी मिलिमीटरमध्ये विचारावी. बेल्टला तीन ते चार, पाकिटाला एक, फार तर सव्वा. नवशिक्याला जाड चामड्याचा भारी मोह. 'दणकट' हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गुण. आता हिशेब करा: साध्या दुमडत्या पाकिटात बाहेरचे दोन, अस्तराचे दोन आणि कप्प्यांचे चार, म्हणजे आठ थर. दोन मिलिमीटरचं चामडं घेतलं तर एकही नोट न घालता सोळा मिलिमीटर. अशा पाकिटावर बसलेला माणूस एका बाजूला कललेला दिसतो, त्याला पाठीचा विकार नसतो.

पहिला तुकडा महाग घेऊ नये. उरलेसुरले तुकडे अनेक ठिकाणी किलोवर मिळतात, हात त्यांच्यावर बसवावा. आणि चामड्याला पातं लावण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करून तो घडी घालून, टेप लावून, नोटा-कार्डं घालून पाहावा. यासाठी जगातला सर्वोत्तम पुठ्ठा महाराष्ट्रात फुकट घरपोच होतो. लग्नपत्रिका. जाड, ताठ, एका बाजूनं कोरी. लग्नसराईनंतर हौशी कारागिराचा साठा वर्षभर पुरतो, आणि 'आहेर आणू नये' या ओळीवर पाकिटाचा कप्पा आखताना एक वेगळंच समाधान मिळतं.

मापांच्या बाबतीत आपल्या नोटांनी हौशी मंडळींवर नकळत उपकार केले आहेत. इंटरनेटवर फुकट मिळणारे पाकिटाचे बहुतेक नमुने अमेरिकी डॉलरच्या मापाचे, म्हणजे साधारण १५६ बाय ६६ मिलिमीटर. जुनी पाचशेची नोट १६७ बाय ७३ होती. ती या पाकिटात मावलीच नसती. २०१६ नंतरची पाचशेची नोट १५० बाय ६६ आहे. उंची तीच, लांबी कमी, त्यामुळे अमेरिकी नमुना आपल्याकडे जसाच्या तसा चालतो. फक्त जुन्या मालिकेतली शंभराची नोट, जी अजून चलनात आहे, ती सात मिलिमीटर डोकं वर काढून पाहत राहते. बँकेचं कार्ड मात्र जगभर एकाच मापाचं, ८५.६ बाय ५४. त्याला दोन्ही अंगांना दोन-तीन मिलिमीटर जास्त सोडावं. आणि पाकिटाची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर आखूड ठेवावी, कारण घडी पडताना बाहेरच्या थराला लांबचा फेरा घ्यावा लागतो. दोन्ही समान कापले की आतला थर फुगतो आणि टेबलावर ठेवलेलं पाकीट आपोआप उघडतं. मालकाच्या हातून पैसे सुटत नसले तरी.

बेल्ट ही खरी पहिली वस्तू. शिलाई जवळपास नाही, कापणी सरळ, चूक लपते. फक्त मापाला पँटवरचं लेबल प्रमाण मानू नये. लेबलवरचा चौतीस हा आकडा कंपनीनं गिऱ्हाइकाचं मन राखायला छापलेला असतो. ज्याला बेल्ट द्यायचा त्याचा जुना बेल्ट मागून घ्यावा, बक्कल जिथं चामड्यात अडकलंय तिथपासून रोजच्या वापरातल्या भोकापर्यंत मोजावं. ते झालं मधलं भोक. त्याच्या दोन्ही बाजूंना इंचा-इंचावर दोन-दोन. आतली दोन संकल्पासाठी, बाहेरची दोन दिवाळीसाठी.

शिलाईचं तंत्र एका दमात सांगता येतं आणि हातात बसायला वेळ घेतं. एक दोरा, दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट जातात. खोगीर शिवणाऱ्यांचा हा टाका. शिवणयंत्राच्या टाक्यात दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात; एक तुटला की शेजारचे सुटत जातात. हातच्या टाक्यात एक तुटला तरी बाकीचे जागेवर राहतात. म्हणून महागड्या खोगिरांना आजही हाताची शिलाई. टाके तिरके, एकसारखे दिसायचे तर दरवेळी आधी जाणारी सुई तीच हवी, दुसरी सुई दोऱ्याच्या त्याच अंगाला हवी आणि ओढण्याचा जोर तोच. मध्येच फोन घेतला की तिथला एक टाका कायम वेगळा दिसतो. कुणाचा फोन होता हेही जन्मभर आठवतं. दोरा शिलाईच्या लांबीच्या चौपट घ्यावा. ही उधळपट्टी वाटते आणि घरात काटकसरीचे संस्कार झालेला माणूस तिप्पट घेतो. त्याचा दोरा नेमका शेवटच्या चार टाक्यांना संपतो. शेवटी दोन-तीन टाके मागे येऊन दोरा कापायचा, पॉलिएस्टरचा असेल तर लायटरनं टोक वितळवून दाबायचं.

हौशी आणि व्यावसायिक यांतला फरक मात्र टाक्यात दिसत नाही, कडेत दिसतो. सँडपेपरनं कड सपाट करायची, तिचे दोन्ही कोन किंचित उतरवायचे, बोटानं पाणी किंवा कतिरा डिंकाचं पातळ पाणी लावायचं आणि लाकडानं किंवा जाड कॅनव्हासनं जोरात घासायचं. उन्हाळ्यात सरबतात पडतो तोच हा कतिरा, त्यामुळे फ्रिजमधल्या वाट्यांवर चिठ्ठी लावणं पाहुण्यांच्या हिताचं. घासता घासता कड गरम होते, काळपट होते आणि एका क्षणी चकाकू लागते. या क्षणासाठी माणसं या छंदात राहतात. कंटाळा मात्र याच पायरीवर येतो. पाकीट घाईत कुणाला देऊन टाकलेलं असतं ते इथंच ओळखू येतं.

काही गोष्टी कुणी सांगत नाही. ओल्या, झाडपाल्यावर कमावलेल्या चामड्याला लोखंड लागलं की काळा डाग पडतो आणि जात नाही. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून पूर्वी शाई करत, तेच हे रसायन. म्हणून चामडं भिजवायला प्लास्टिकचं किंवा काचेचं भांडं. उलट, काळं चामडं हवंच असेल तर गंजके खिळे व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवावेत, झाकण सैल ठेवून, आणि तेच पाणी फासावं. रंग विकत आणायची गरज नाही. चिकटवायचं रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबून मगच दाबायचं, आणि खिडकी उघडी ठेवून. बंद खोलीत त्या वासानं पाकीट जरा जास्तच सुंदर दिसायला लागतं. बोथट पातं धारदार पात्यापेक्षा जास्त बोटं कापतं, कारण त्याला जोर लावावा लागतो. एका फटक्यात कापायचा हट्ट नको, तीन हलके हात फिरवावेत. आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत झाडपाल्याच्या चामड्यावर बुरशी धरते. तयार वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं म्हणजे बुरशीची सोय करणं. सुती पिशवी, वारा, अधूनमधून कोरड्या फडक्यानं पुसणं. भिजली तर सावलीत वाळवावी. ऊन आणि गॅसची शेगडी, दोन्हींनी चामडं कडक होऊन तडकतं.

घरची आजी या सगळ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहत असते. कातडं देवघराच्या बाजूला न्यायचं नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. तिचा काटा चामड्यावर फिरून परत डब्यात आलाय, हे तिला न कळलेलं बरं. पण हा विटाळ विनोदावर नेऊन संपत नाही. ज्या कामाला आज प्रदर्शनात 'हस्तकला' अशी पाटी लागते, ते काम या राज्यात शतकानुशतकं ढोर आणि चर्मकार समाजांवर जन्मानं लादलेलं होतं. कातडी कमावणाऱ्याला गावाबाहेर ठेवून गाव त्याच्याच वहाणा घालून हिंडत होतं. हौशी माणूस हे काम रविवारी निवडतो आणि सोमवारी सोडू शकतो. त्यानं एवढं तरी ध्यानात ठेवावं.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये अगदी तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. गदारोळ झाल्यावर ही प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं. मराठी माणूस संतापला, आणि ते योग्यच होतं. मात्र त्याच संतापलेल्यांपैकी कितीतरी जण कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर चपलांच्या दुकानदाराशी पन्नास रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालून आलेले होते.

हौशी कारागिराची सगळ्यात चांगली शाळा त्याच्या घरापासून पाच मिनिटांवर, बसस्टॉपजवळच्या छत्रीखाली बसलेली असते. रापीला धार कशी लावतात, कड पातळ करताना पातं किती आडवं धरायचं, आरी बोटात न जाता चामड्यात कशी जाते, हे तिथं उभं राहून दिसतं. व्हिडिओतला जपानी माणूस प्रश्नांची उत्तरं देत नाही. आपला पहिला बेल्ट घेऊन गेलं तर समीक्षाही रोखठोक मिळते. "म्हशीला बांधायला केलाय का, साहेब?" असं विचारून तो कारागीर बेल्टची कड अंगठ्यानं चाचपतो आणि नेमकी कुठं रापी घसरली ते दाखवतो. त्याला काका म्हणा, भाऊ म्हणा, पण शिकवणीचे पैसे आधी विचारा आणि सांगेल तेवढे द्या. फक्त पावसाळ्याच्या तोंडावर जाऊ नका. तेव्हा त्याच्यापुढं अख्ख्या गल्लीच्या छत्र्या पडलेल्या असतात.